ठेवायची बाजू

"काऊन जी मिस्त्री, पट्टी कापून राह्यले का तिची पूजा मांडली?"

नत्थुजी ड्रायव्हरने विडी विझवून कानावर ठेवली आणि बाजेवरून उठून जवळ आला. देवराव लाकडी ठोकळ्यापाशी बसला होता. मांडीवर जुन्या लुगड्याचं फडकं, फडक्यावर निकेल चढवलेली दोन हात लांबीची पितळी पट्टी, आणि हातात आरी.

"कापतो ना," देवराव म्हणाला, आणि आरी खाली ठेवली.

अंगणात खुशालराव पाटलांची डॉज उभी होती. कुण्या साहेबाने टाकून दिलेली जुनी पिकअप खुशालरावांनी लिलावात घेतली होती. एरवी ती परतवाड्याहून संत्री आणायची, पण आता मुलीच्या लग्नात नवरदेव तिच्यातूनच मिरवायचा होता. म्हणून तिला नवा हिरवा रंग दिला होता आणि दोन्ही अंगांना पुढच्या चाकापासून मागच्या फळीपर्यंत चकचकीत पट्टी लावायची होती. सगळी पट्टी लागली होती. क्लीनरच्या बाजूचं दार तेवढं बोडकं राहिलं होतं.

तेवढ्यातच देवरावाच्या बायकोला, जमुनाला, ताप भरला. दवाखान्यात विषमज्वर म्हणाले. आठवडाभरही ती तगली नाही.

अमरावतीत बडनेऱ्याच्या रस्त्याला देवरावाचं पत्र्याचं काम चाले. दुकान म्हणजे घराचंच अंगण. गडी ठेवायची कधी गरज पडली नाही, कारण पट्टीचं दुसरं टोक जमुना धरायची. चुलीवर भाजी ठेवून यायची, टोक धरायची, परत जायची. दारात आधी क्लिपा बसवायच्या आणि मग पट्टी एका टोकाकडून दाबत न्यायची. पलीकडचं टोक कुणी नीट धरलं नाही तर मधे वाक येतो, आणि निकेलवर एकदा सुरकुती पडली की ती जात नाही.

दुसरी अडचण खुणेची होती. निकेलवर पेन्सिल उमटत नाही आणि खिळ्याने ओढलं तर ओरखडा राहतो. जमुनाला पानाची सवय होती. तिनेच एकदा कनवटीची डबी काढून पट्टीवर चुन्याचं बोट फिरवलं आणि म्हणाली, "आता याच्यावर ओढा तुमची रेघ." त्या दिवसापासून तेच चालत आलं. पुढे एकदा देवरावाने एका वकिलाच्या मोटारीची पट्टी बरोबर मोजली आणि रेघेच्या भलत्या अंगाने कापली. तेव्हा जमुना तोंडाला पदर लावून हसली होती. नंतर मात्र तिने नेम केला. रेघ देवरावाने ओढायची, आणि जो तुकडा गाडीला लावायचा त्याच्यावर तिने चुन्याचा अंगठा उठवायचा.

"अंगठा हाय तो ठेवाचा. दुसरा फेकाचा. समजलं का, मोठे कारागीर?"

या शेवटच्या पट्टीवरही तिने अंगठा उठवला होता. अंग दुखतंय म्हणत म्हणतच. मग पट्टी फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगून ठेवली, ती देवरावाने आज सकाळी उतरवली. चुना वाळून कडक झाला होता, पण अंगठ्याच्या रेषा जशाच्या तशा होत्या. कडेला विळीने कापल्याची तिची जुनी आडवी खूणसुद्धा.

तो तुकडा उरायचा असता तर प्रश्न नव्हता. पण उरणार होता तो कोरा तुकडा. अंगठ्याचा गाडीला लागणार होता.

सकाळपासून त्याने सगळं करून पाहिलं. पट्टी उलटी लावता येते का ते पाहिलं, पण पुढच्या टोकाला वळण होतं. अंगठा टाकायच्या तुकड्यात जाईल असं कापलं तर दार चार बोटं उघडं पडत होतं. अशी पट्टी मिळायची ती अकोल्याच्या पॉलिशवाल्याकडे. मागल्या आठवड्यात देवराव बडनेऱ्याहून आगगाडीने तिथेही जाऊन आला होता.

"साचाच मोडला ना जी," पॉलिशवाला म्हणाला होता. "पन दुसरी कायले पायजे? पयली बिघडली का?"

"नाई. बिघडली नाई."

"मंग?"

देवराव दुकानाची पायरी उतरला. तो तसाच परत आला.

"मिस्त्री," नत्थुजी आता हळू बोलला, "पाटील कापडाच्या दुकानातून येतीलच. उद्या हळद हाय. मले आजच्या आज गाडी परतवाड्याले न्याची हाय."

"हो."

"मी टोक धरतो. कापा तुमी."

देवरावाने आरी लावली. पितळ मऊ असतं, वेळ लागला नाही. कोरा तुकडा टणकन खाली पडला. त्याने कड कानशीने घासली, आणि अंगठ्यावर जाऊ नये म्हणून तोंड वळवून फुंकर मारली.

"वर नोका उचलू," तो नत्थुजीला म्हणाला. "दाबू बी नोका. नुसतं धरा."

"असं?"

"नाई. जरा खाली. वजन घेऊ नोका तिचं."

"अरे बाप्पा! धराचं बी अन् वजन बी नाई घ्याचं! वैनी कशा करत होत्या जी?"

कशी करायची ते देवरावाला सांगता येईना. तिला कधी सांगावंच लागलं नव्हतं. तो क्लिपांवर पट्टी दाबत गेला. चुन्याची खूण आली तिथे त्याने हात उचलला आणि पुढे दाबली. पट्टी बसली. मधे कुठे वाक आला नाही.

खुशालराव आले ते बगलेत कापडाची गाठोडी घेऊनच. गाडीभोवती एक फेरी मारून ते खूश झाले.

"वा! देवराव, नवरदेवाच्या आधी लोक गाडीच पायतील." मग त्यांनी आवाज उतरवला. "तुमच्या घरी असं झालं. मी घाई केली नसती, खरं सांगतो. पन तारीख ठरली होती."

"तुमचं बी बरोबर हाय, पाटील."

खुशालराव दाराशी आले आणि थांबले. "हे काय? चुन्याचा डाग राह्यला इथं."

देवरावाच्या तोंडाशी शब्द आला होता. तेवढा राहू द्या, असं म्हणायचं होतं. पण का, म्हणून विचारलं असतं, तर काय सांगणार होता? लग्नाच्या गाडीवर मेलेल्या बाईचा अंगठा आहे, असं? पोरीच्या बापाने ते ऐकून कसं घेतलं असतं? परतवाड्यापर्यंत त्याच्या मनात तेच घोळलं असतं. जमुनाला कळलं असतं तर तिने आधी ह्यालाच झापलं असतं.

"हो," देवराव म्हणाला. "राह्यला."

"घ्या, मीच पुसतो. तुमी लय केलं." खुशालरावांनी आपला अंगठा जिभेला लावला आणि त्या खुणेवर फिरवला. चुना निघेना. त्यांनी पुन्हा ओला केला, जोर दिला, मग उपरण्याच्या टोकाने घासलं. निकेल लखलखीत झालं. त्यात खुशालरावांचं तोंड दिसलं, आणि मागे उभ्या देवरावाचं. क्लिपांचे स्क्रू पिळायचा पेचकस त्याच्या हातातच होता.

"लग्नाले या बरं का," गाडीत चढता चढता ते म्हणाले.

"येतो."

नत्थुजीने हॉर्न दिला. डॉज रस्त्याला लागली, वळली, आणि वळताना तिच्या अंगावरची पट्टी उन्हात या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चमकली. मग धूळच राहिली.

देवरावाने अंगण झाडलं. कोरा तुकडा सापडला, तो उलटसुलट करून पाहिला. दोन्ही अंगांनी स्वच्छ होता.

घरात कोनाड्यात जमुनाची डबी होती. चुना वाळू नये म्हणून ती रोज दिवेलागणीला तिच्यात थेंबभर पाणी सोडायची. ते काम तिचं, ह्याच्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याने झाकण उघडलं. चुन्याचा खडा झाला होता आणि त्याला भेगा पडल्या होत्या.

माठातल्या पाण्यात बोट बुडवून त्याने एक थेंब सोडला. वाट पाहिली. मग आणखी एक सोडला.

पाणी खड्यावर तसंच राहिलं.