न टेकलेला पाय

“बरणी बदलली तर नाही ना?” मॅडमनी पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

सगळी लॅब जिला स्कॅनताई म्हणायची, तिनं बरणी फिरवून पाहिली. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं. बदलायचा प्रश्नच नव्हता; सख्ख्या भावाच्या खुब्याचं हाड तिनं हॉस्पिटलातून स्वतः आणलं होतं. खुबा मोडला म्हणून डॉक्टरांनी दादाला नवा बसवला, तेव्हा जुना अभ्यासाला देण्यासाठी त्याच्या मागे लागून सही घेणारीही तीच. वर्षानुवर्षं जमिनीला न टेकलेल्या पायाचं हाड मॅडमना हवंच होतं. दादाचं दुखणं निदान कुणाच्या तरी उपयोगी पडेल, असं तिला वाटलं होतं.

हाडाचा नखाएवढा तुकडा नळीत घट्ट बसवून ती यंत्रात ठेवायची. यंत्र तो हळूहळू फिरवत क्ष-किरणांनी टिपायचं आणि पडद्यावर हाडाच्या आतली बारीक जाळी उभी राहायची. पायावर भार पडत राहिला की शरीर ती जाळी भरत राहतं. पाय नुसता पडून राहिला की तीच पोखरत जातं. पडून राहिलेल्यांची हाडं तिनं पुष्कळ पाहिली होती. जुन्या मच्छरदाणीसारखी विरलेली असायची.

दादाची जाळी भरगच्च होती.

“हा तर चांगला हिंडता-फिरता माणूस दिसतोय,” मॅडम म्हणाल्या. “आपल्या कामाचं नाही हे हाड.”

कारखान्यातल्या अपघातापासून दादा कुबड्यांवर होता. डावा पाय टेकवला की जीव जातो म्हणायचा. त्या पायापायी तिनं चालून आलेलं स्थळ परत पाठवलं, दुसऱ्या शहरातली बढती नाकारली. नातेवाईक कौतुक करायचे आणि खरं सांगायचं तर तिलाही ते गोड लागायचं. आता तेच कौतुक तिच्या घशाशी आलं.

घरी दादा पलंगावर बसला होता. रोज थोडं चालायचं, असं डॉक्टरांनी बजावूनही त्यानं वॉकरला हात लावला नव्हता.

“दादा, तू चालत होतास.”

तो चादरीच्या सुरकुत्या काढत राहिला. मग म्हणाला, दुपारी गच्चीवर फिरायचो, तू कामावर गेलीस की. पडून खुबा मोडला तोही तिथेच.

“कधीपासून?”

“वर्षभरातच बरा झालो होतो गं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तू गेली असतीस.”

माझं अख्खं आयुष्य यानं बसून खाल्लं, असं तिच्या मनात आलं. सवयीनं तिनं पाण्याचा पेला भरला. तो पलंगाशी न नेता पलीकडे खिडकीत ठेवला आणि वॉकर त्याच्या पुढ्यात सरकवला.

तो उठला. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

“दुखतंय गं,” तो म्हणाला.

या शब्दावर आजवर ती हातातलं टाकून धावत आली होती. आज तिनं त्याच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. खरंच दुखतंय की नाही, तिला कळेना. ती खुर्चीतच बसून राहिली.