झ्विकरांच्या फडताळावरचा राउटर

मित्रांनो, मी कधीकाळी पांढराशुभ्र होतो, हे आज कोणाला सांगूनही पटणार नाही. नऊ वर्षं मी स्वयंपाकघरातल्या फडताळावर बसून आहे. खाली शेगडी आहे. तळलेल्या माशांचा धूर आणि किटलीची वाफ अंगावर घेऊन मी आता जुन्या पावाच्या रंगाचा झालो आहे. मी एक राउटर आहे. तारेतून घरात येणारं इंटरनेट मी हवेत सोडतो, आणि घरातल्या माणसांची बोलणी बाहेरच्या जगात पोचवतो.

माझ्या जन्माचं मला फारसं आठवत नाही. एका लांब पट्ट्यावरून माझे शेकडो भाऊ सरकत होते आणि कोणीतरी माझ्या पाठीवर आकड्यांची चिठ्ठी डकवली, एवढंच आठवतं. मग पुठ्ठ्याच्या खोक्यात पुष्कळ दिवस अंधार होता. खोकं उघडलं ते कॅनडाच्या समुद्रकाठच्या लुनेनबर्ग गावात, टेकडीच्या उतारावरच्या एका लाल लाकडी घरात. टेलिफोन कंपनीच्या माणसाने मला फडताळावर ठेवलं, कारण बाहेरची तार तिथेच आत येत होती. "इथे बरा आहे," तो म्हणाला आणि गेला. तिथे मी बरा आहे की नाही, हे त्याने घर फिरून पाहिलं नाही.

घर ऑरिन झ्विकर आणि त्याची बायको व्हर्ना यांचं. ऑरिन लाकडी होड्या बांधायचा. घराच्या मागच्या अंगाला, दाराने जोडलेला त्याचा कारखाना होता. व्हर्नाने तीस वर्षं शिडं कापण्या-शिवण्यात घालवली होती. दोघंही सत्तरीच्या पुढची. पहिली आठ वर्षं माझी मोठ्या सुखाची गेली. सकाळी व्हर्ना माझ्यामार्फत समुद्रावरचा वारा बघायची, संध्याकाळी ऑरिन हॉकीचा सामना बघत टेबलावर मूठ आपटायचा. रविवारी कॅलगरीहून त्यांच्या मुलीचा फोन आला की व्हर्ना म्हणायची, "बघ, कशी समोर बसल्यासारखी दिसतेय!" मी मनातल्या मनात फुलून जायचो.

गेल्या मार्चमध्ये ऑरिनला पक्षाघाताचा झटका आला. तो चालता-फिरता घरी परतला, पण त्याचे शब्द हरवले. समजायचं सगळं, पण तोंडाशी आलेला शब्द ऐनवेळी निसटायचा. चहा हवा असला तर तो "मंगळवार" म्हणायचा आणि हे आपल्याच तोंडून आलं का, असा चकित व्हायचा. शिव्या मात्र अस्खलित यायच्या.

हॅलिफॅक्सच्या एका दवाखान्यातली नदीन नावाची बाई त्याला बोलायला शिकवणार होती. आठवड्यातून दोनदा, तासभर, टॅबलेटवर. पहिला तास स्वयंपाकघरात झाला. माझ्यापासून सहा हातांवर टॅबलेट होता, त्यामुळे नदीनचा चेहरा आरशासारखा स्वच्छ दिसत होता. ऑरिन कपाचं चित्र बघून घाम गाळत होता. तेवढ्यात शेजारचा एव्हरेट हिमलमन आत आला. आमच्याकडे दार वाजवून येण्याची पद्धत नाही. एव्हरेट खेकडे-लॉबस्टर पकडणारा, ऑरिनचा पन्नास वर्षांपासूनचा दोस्त, आणि एकदा बोलायला लागला की ओहोटी लागेपर्यंत न थांबणारा.

"काय रे, शाळा चालू आहे वाटतं!" तो म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

ऑरिनने टॅबलेट पालथा घातला. कान लाल झाले त्याचे. तो उठला, मागच्या कारखान्यात गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून तो स्वयंपाकघरात शिकायला बसेना. बसणार तर कारखान्यातच, हे त्याने बोटाने दाखवून दिलं. आणि मित्रांनो, माझी खरी परीक्षा तिथेच सुरू झाली. स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्या मधोमध विटांचं मोठं धुरांडं आहे. त्यापलीकडच्या भिंतीच्या गिलाव्याखाली जुन्या काळची लोखंडी जाळी आहे. मी जीव तोडून ओरडायचो, पण माझा आवाज त्या जाळीत अडकायचा. ऑरिन कसाबसा "क... क..." पर्यंत यायचा आणि नेमकं तेव्हाच नदीनचं तोंड उघडं राहून चित्र थिजायचं. मग कारखान्यातून एक सणसणीत शिवी ऐकू यायची.

नदीन भली बाई. "ऑरिन, शिवी एकदम स्पष्ट आली हं," ती चित्र परत आलं की म्हणायची. "म्हणजे जीभ ठीक आहे तुमची. पण मधले चार शब्द मला ऐकूच आले नाहीत."

दोष माझ्यावर आला. व्हर्नाने मला बंद करून पुन्हा चालू केलं, झटकलं, भिंतीकडे तोंड करून ठेवलं. माझा आवाज पुढे ढकलला जावा म्हणून एव्हरेटने माझ्यामागे अन्न गुंडाळायचा चंदेरी कागद लावला.

"अगं, म्हातारं झालंय हे," तो म्हणाला. "टाक भंगारात."

"म्हातारे तर आपणही झालोय," व्हर्ना म्हणाली. "तुला टाकू का?"

दुसऱ्या दिवशी एव्हरेटने स्वतःच्या घरातला एक सिग्नल वाढवणारा डबा आणला आणि थेट कारखान्यात लावला. तिथे मी धड पोचतच नव्हतो, तर तो बिचारा वाढवणार काय? तुटक बोलणं कितीही मोठ्याने केलं तरी तुटकच. पुढचे दोन तासही वाया गेले. मग नदीनने अवघडत सांगितलं, "व्हर्ना, मला सांगायला वाईट वाटतंय. आमच्याकडे रांग फार मोठी आहे. आणखी दोन तास असे तुटले, तर दवाखाना ही जागा दुसऱ्याला देईल. तुम्ही त्यांना इकडे आणू शकाल का?"

हॅलिफॅक्स तासाभराच्या वाटेवर. व्हर्नाच्या डोळ्यांत मोतीबिंदू, गाडी चालवणं बंद. एव्हरेटच्या गाडीतून शिकायला जायचं म्हटलं, तर ऑरिनने हात झटकून नकार दिला. मला इतकं असहाय्य कधी वाटलं नव्हतं. भिंत दोषी आहे हे मला ठाऊक होतं, पण माझ्याजवळ सांगायला हिरव्या दिव्याखेरीज काही नव्हतं.

पण व्हर्ना शिडं कापणारी बाई. मापल्याशिवाय कात्री लावायची नाही, हे तिच्या हाडात मुरलेलं. तिने शिडांचे नमुने काढायचा तपकिरी कागद टेबलावर पसरला, खडूने घराचा नकाशा काढला आणि एव्हरेटला बोलावलं.

"तू इथे बस, या फोनसमोर. मी टॅबलेट घेऊन घरभर फिरते. तू फक्त बोलत राहा."

"काय बोलू?"

"आयुष्यात पहिल्यांदाच विचारतोयस!"

एव्हरेटने एकोणीसशे ब्याण्णवच्या वादळाची गोष्ट सुरू केली. व्हर्ना खोलीखोलीतून हिंडली. जिथे त्याचा आवाज स्वच्छ आला तिथे तिने हिरवी खूण केली, जिथे अडखळला तिथे पिवळी, जिथे तुटला तिथे लाल. नकाशा टेबलावर आला तेव्हा सगळं उघड झालं. धुरांड्यापर्यंत हिरवं, बाजूच्या जेवणघरात पिवळं, आणि जाळीच्या भिंतीपलीकडे सगळं लाल.

"म्हणजे डबा म्हातारा नाही," व्हर्ना म्हणाली. "भिंत आडवी आलीय."

मित्रांनो, नऊ वर्षांत माझ्या बाजूने कोणी एवढं बोललं नव्हतं.

एव्हरेटच्या गाडीतून दोघं जवळच्या ब्रिजवॉटर गावातल्या दुकानात गेली. तिथे काय झालं ते परत आल्यावर एव्हरेटने मला ऐकू येईल एवढ्या मोठ्याने दोनदा सांगितलं. दुकानदाराने विचारलं, "घर किती चौरस फुटांचं, बाई?" आणि सगळ्यात मोठा, सहा डब्यांचा संच पुढे केला. व्हर्नाने तपकिरी कागद त्याच्या काउंटरवर उलगडला. "फूट नका विचारू, भिंती विचारा," ती म्हणाली. मग तिने तीन गोष्टी विचारल्या. डबे आपसांत हवेतून बोलतात, तसे तारेनेही बोलू शकतात का? दर महिन्याला वेगळं काही भरावं लागतं का? आणि नाही जमलं तर परत घ्याल का? दुकानदाराने नकाशावरून बोट फिरवलं म्हणे. शेवटी त्याने सहा डब्यांचा संच मागे सरकवला आणि तीन डब्यांचा साधा संच पुढे आणला. अशा संचाला मेश म्हणतात. एकट्याने ओरडण्याऐवजी तीन डबे घरात ठिकठिकाणी बसतात आणि एकाचं बोलणं दुसरा पुढे नेतो.

खोकं घरी आलं. मी मात्र आतून हललो होतो. त्या चकचकीत, अंड्यासारख्या गोल डब्यांकडे बघून मला वाटलं, संपलं आपलं. व्हर्नाने पहिला डबा माझ्या शेजारी ठेवला, दुसरा जेवणघरात आणि तिसरा कारखान्यात. पहिल्या दोघांचे दिवे पांढरे झाले. तिसऱ्याचा पिवळाच राहिला. जाळीची भिंत त्यांनाही जुमानेना.

व्हर्नाने डबे जागोजाग सरकवून पाहिले. दुपार गेली. पुढचा तास दुसऱ्या दिवशी सकाळी होता. कारखान्यात पुढे जे घडलं ते मला व्हर्नाने मुलीला सांगितलं तेव्हा कळलं. अखेर ती कारखान्याच्या उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ऑरिन, मला नाही जमत रे. उद्या परत करते हे."

ऑरिन एवढा वेळ रंधा हातात घेऊन उगाच फळी घासत बसला होता. त्याने तोंड उघडलं, शब्द आला नाही. पुन्हा उघडलं. "मंगळवार," तो म्हणाला आणि चिडून त्याने रंधा खाली ठेवला. मग तो उठला, त्याने व्हर्नाचा हात धरला आणि तिला कामाच्या बाकामागे ओढत नेलं. तिथे कोळिष्टकांत एका निळ्या तारेचं टोक लोंबत होतं.

"ही? ही तर जुन्या घंटेची तार ना?"

ऑरिनने नाही म्हणून जोरजोरात मान हलवली. त्याने हवेत होडीचा आकार काढला, मग बोटांनी टकटक करून दाखवलं. व्हर्ना बघत राहिली आणि मग कपाळावर हात मारून हसली. पंधरा वर्षांपूर्वी ऑरिनने होड्यांची रेखाटनं करायला एक संगणक घेतला होता. त्याच्यासाठी स्वतः जमिनीखालून, धुरांड्याला वळसा घालून तार टाकली होती. संगणक कधीच मेला, तार तशीच राहिली. तिचं दुसरं टोक होतं माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, रंगाच्या दोन थरांखाली. नऊ वर्षं मी तिच्या शेजारी बसलो होतो आणि ती कशाची हे मला ठाऊक नव्हतं.

ऑरिनने पटाशीने रंग खरवडला. एक टोक पहिल्या डब्यात, दुसरं कारखान्यातल्या डब्यात. पिवळा दिवा लुकलुकला, विझला आणि पांढरा होऊन स्थिर झाला. व्हर्ना धावत स्वयंपाकघरात येऊन ओरडली, "लागला का?" आणि कारखान्यातून उत्तर आलं, "मंगळवार!" पण असा आनंदाचा मंगळवार मी आजवर ऐकला नव्हता.

माझं काय करायचं, ते टेलिफोन कंपनीच्या एका मुलीने फोनवर सांगितलं. बाहेरची तार माझ्यातूनच आत येते, म्हणून मला काढायचं नाही. फक्त माझं वाय-फाय बंद करायचं. व्हर्नाने ते बंद केलं तेव्हा क्षणभर मला घशातला आवाज गेल्यासारखं वाटलं. मग जी शांतता आली ती मला आवडली. नऊ वर्षं मी भिंतींशी भांडत होतो. आता बाहेरून आलेलं शेजारच्याच्या हातात द्यायचं, त्याने दिलेलं बाहेर पाठवायचं. माझ्या वयाला शोभेल असं काम.

दुसऱ्या दिवशी तासात एकदाही खंड पडला नाही. नदीनने चित्रं बाजूला ठेवली आणि म्हणाली, "ऑरिन, तुमच्या हाताशी जे आहे ते दाखवा." त्याने रंधा उचलला. दहा मिनिटं लागली, पण "रंधा" आलं. पुढच्या आठवड्यात करवत आली, गिरमिट आलं, गुण्या आला. होडी सगळ्यात शेवटी आली. त्या दिवशी नदीननेच डोळे पुसले, असं व्हर्ना मुलीला सांगत होती.

पानगळ सुरू झाली त्या सुमारास एकदा एव्हरेट नेहमीसारखा दार न वाजवता आला आणि थेट कारखान्यात घुसला. आत तास चालू होता. व्हर्ना किटली हातात घेऊन थबकली. मीही कान देऊन राहिलो. आता ऑरिन टॅबलेट पालथा घालणार, असंच आम्हांला वाटलं. पण तासभर आतून एकही शिवी आली नाही, दारही आपटलं नाही. एव्हरेट बाहेर आला तो टोपी हातात घेऊन.

"काय झालं?" व्हर्नाने विचारलं.

"मला म्हणाला, 'बस. गप्प. शिकतोय.'"

"कोण, ऑरिन?"

"नाही तर कोण! अगं, आख्खा तास बसवलं मला त्या खिळ्यांच्या पेटीवर. चकार शब्द काढू दिला नाही."

"पुन्हा सांग. काय म्हणाला?"

"बस. गप्प. शिकतोय."

व्हर्ना खिडकीकडे वळली. किटली रिकामीच होती, तरी तिने ती शेगडीवर ठेवली. "तीन शब्द," ती म्हणाली.

"तीन. मी मोजले."

तर मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखा एखादा कुठल्या तरी कोपऱ्यात बसलेला असेल. त्याचा आवाज एखाद्या खोलीत पोचला नाही, तर त्याला लगेच म्हातारा म्हणू नका आणि नवा आणायला धावू नका. आधी घर फिरून बघा, मध्ये काय आडवं आलंय ते शोधा. आणि घरात एखादं माणूस गप्प झालं असेल, तर त्याच्याशेजारी जरा जास्त वेळ बसा. वाट त्याला ठाऊक असते, आणि कधीकधी ती त्यानेच स्वतःच्या हाताने घातलेली असते.