शेड ते ऑफिस, दोनशे फूट तांबं

पारोळ्याच्या वाटेवरच्या त्या कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन पितांबरनानांचा शब्द बावीस वर्षं चालला, आणि सत्त्याण्णवच्या चैत्रातही चालला. एक संगणक शेडमध्ये मशिनांपाशी, दुसरा ऑफिसात. मधल्या दोनशे फुटांत केबल कोणती टाकायची, एवढाच सवाल होता.

धुळ्याहून आलेली इंजिनिअर लता म्हणाली, "काचेच्या धाग्याची टाका, नाना. तिच्यातून उजेड जातो, करंट जात नाही."

"काचनी तार? मशीनले बांगड्या भरन्या शेतस का, ताई?" नाना हसले. "तुटनी तर जोडाले नाशिकहून मानूस. तांबं मी दातखाले सोली टाकसू."

शेठनी नानांकडे बघून मान हलवली. तांबं पडलं. त्याच्या भोवतीची तारेची जाळी नानांनी शेडमधल्या मशीनच्या अर्थिंगला बांधली.

दुसऱ्या सकाळी ऑफिसच्या खिडकीतून केबलचं सोललेलं मोकळं टोक लोंबत होतं. कलाबाई अनवाणी फरशी पुसत आली. आडवं येतं म्हणून तिनं ते उचललं, आणि होती तिथंच ताठली. तोंड उघडं, आवाज नाही. नानांनी दारामागचा कोरडा बांबू ओढून केबल झटकली. कलाबाई कोसळली. तळहातावर जाळीची नक्षी भाजून उमटली होती.

"नाना, मी जित्ती शे ना?"

नानांनी तिला भिंतीशी टेकवून बसवलं. संगणकाला अजून केबल जोडलीच नव्हती. करंट आला कुठून?

लतानं मीटर लावला. "शेडमधून येतोय. तिकडचं अर्थिंग मेलंय का?"

नानांनी शेडच्या दिशेनं पाहिलं. शेडमागे अर्थिंगचा मीठ-कोळशाचा खड्डा. आधी खड्ड्याला दोन हंडे पाणी, मग मशीनला बटन, ही रोजची रीत. यंदा टँकर दिवसाआड. "जमीनले कसाले पाजतस, बायास्होन? तुम्हीच प्या," महिन्यापूर्वी त्यांनीच शेडमधल्या बायांना सांगितलं होतं. मायेनं सांगितलं होतं. खड्डा सुकला, आणि मशीनमधला गळका करंट जमिनीत मुरायचा सोडून त्यांच्याच तांब्यावरून चालत इथवर आला.

"मग शेडमध्ये कुणाला कसा बसला नाही?" शेठ.

"कोरडी जमीन, रबरी चपला," लता म्हणाली. "आत्तापर्यंत."

शेडमध्ये अकरा बाया होत्या.

नाना बांबूसकट उन्हात धावले. "हात लाऊ नका! बठ्ठं बंद करा! चूक मनी शे!" मशिनांच्या घरघरीत कोण ऐकतंय? त्यांनी बांबूनंच मेन स्विच खाली पाडला.

घरघर थांबली. पापण्यांवर कापूस घेतलेल्या अकरा जणी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि नाना त्यांना एकेक करून मोजत सुटले.