हव्वाबीचा जीन आणि शनिवारचा भूकंप

माझ्या गप्पांत उंट उडतात, हे दुबईतल्या आमच्या अख्ख्या इंटरनॅशनल सिटी वस्तीला ठाऊक आहे. पण फुजैराच्या डोंगरात धरती एका सोट्याच्या तालावर हलायची, हे कारपूल करून दर शनिवारी शेकडो लोक बघून यायचे. सोटा भूकंपबाबाचा.

त्या शनिवारी तो आमच्या बिल्डिंगमधल्या हव्वाबीच्या पाठीत फाटकन बसला. "निकल, शैतान!"

तिचे हात धरले होते तिच्याच पोराने, राहिलने. महिन्यापूर्वी खरा भूकंप झाला तेव्हापासून ती बिचारी झोपेत दचकायची. बाबाच्या मते तिच्यात जीन शिरला होता.

"अब जमीन गवाही देगी!" बाबाने सोटा वाळूत आपटला. डोंगराच्या पोटात गडगडलं, पाय थरथरले, चहाचे कप उलटले. हव्वाबीच्या ओठातून रक्त गळत होतं, आणि लोक ओरडत होते, "और मारो! जीन निघतोय!"

"राहिलभाई, सोडा खालाला!" शेजारच्या सुजीतची मुलगी मिहिका मधे घुसली. भूगर्भशास्त्र शिकते पोरगी. भूकंपानंतर दारोदार फिरून तिने आम्हाला पिडलं होतं: अंकल, फॅन हलला? भांडी पडली? भिंत तडकली? त्या उत्तरांचा रंगीत नकाशा तिने आता सगळ्यांसमोर फोनवर धरला.

"हा खरा भूकंप. इथे डोंगरात लाल, घरं तडकलेली. दुबईकडे फिका फिका होत गेलेला. आणि हे बाबांचे भूकंप. इथल्या लोकांनाही मी तेच विचारलं. फक्त दोन वस्त्यांपुरता ठिपका! पुढच्या वळणावरच्या कॅफेटेरियात कपसुद्धा हलत नाही. आणि ठिपक्याच्या मधोमध काय? टेकडीमागची दगडाची खाण!"

"खामोश, लडकी! धरती मेरी बेटी है!"

"मग बेटी शनिवारीच का रुसते? खाणीत सुरुंग शनिवारीच फुटतात, आणि त्याआधी भोंगा वाजतो. तो आपल्याला ऐकू येत नाही, टेकडीवरच्या तुमच्या चेल्याला येतो. तो हिरवा झेंडा हलवतो, मग तुमचा सोटा. यल्ला, चला, आता झेंड्याशिवाय आपटा!"

बाबाने आपटला. वाळू ढिम्म. दातओठ खाऊन पुन्हा आपटला. सोटा मोडला, डोंगर जागचा हलला नाही.

गर्दी खवळली. त्याच मुठी आता बाबाकडे वळल्या. कोणी दाढी धरली, कोणी दगड उचलला. सगळ्यात पुढे राहिल, हातात मोडका सोटा.

"राहिल, टाक तो!" हव्वाबी धडपडत उठली. "पोलीस बोलवा. मला मारताना कोणी काही विचारलं नाही, आत्ताही कोणी विचारत नाही. ही पोर दारोदार विचारत फिरली म्हणून मी जिवंत आहे. हात उगारायच्या आधी विचारा रे! फॅन हलला का, एवढं तरी विचारा!"

सोटा वाळूत पडला. जमीन हलली नाही.

आणि हो, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. खाणीवर जा, भोंगा कधी वाजतो ते विचारा.