लवंगीबाईंचं तोंड

"काचेला नाक लावू नका! आजारी कोण आहे, तुम्ही की काच?"

इस्पितळाच्या चौकशी-खिडकीवर लवंगीबाई सुरू झाल्या होत्या. हे नाव त्यांना कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण त्यांचं खरं नाव त्या स्वतःही विसरत चालल्या होत्या. त्यांचा एक "कोण पाहिजे?" ऐकून तापाने फणफणलेल्या माणसाला दरदरून घाम फुटला, ताप उतरला आणि तो परस्पर घरी गेला, असं शपथेवर सांगणारे लोक अजून आहेत.

त्या दिवशी मात्र साहेबांनी त्यांना बोलावून सुनावलं, "आणखी एक तक्रार आली की तळघर. तिथे जुन्या केसपेपरच्या गठ्ठ्यांशी भांडा."

बाईंना तळघर नको होतं. नवरा गेल्यापासून घरी त्या नि भिंती, आणि भिंती उलटून बोलत नाहीत. दिवसभरात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो या खिडकीतूनच.

त्यांची नणंद वरच्या मजल्यावर सिस्टर होती. तिच्या कानावर हे गेलं, तशी तिने खिडकीत डबा आणून आपटला. आत अक्रोड, बदाम, भोपळ्याच्या बिया. वर एक केळं.

"हे काय? माकड समजलीस मला?"

"वहिनी, याने मूड सुधारतो. आमच्या आहारवाल्या मॅडम सांगतात. नुसत्या चहावर येतेस, रिकाम्या पोटी माणूस खेकसणारच."

"माझा मूड झकास आहे. लोक बिघडलेत."

"बरं बाई. पण तोंड चालवायचंच आहे ना तुला? मग अक्रोडावर चालव!"

मूड सुधारला की नाही ते देव जाणे, पण एक गंमत झाली. तोंडात अक्रोड असताना ओरडता येत नाही. उत्तर जिभेच्या टोकावर यायचं आणि वाट तुंबलेली. घास गिळेपर्यंत समोरचा बोलत राहायचा, आणि चावता चावता बाईंना ऐकून घ्यावं लागायचं. वॉर्ड विचारायला आलेला मुलगा बोलता बोलता, आई वाचेल ना, असं विचारून बसायचा. मग बाई गिळून हळूच म्हणायच्या, "डावीकडून जा. दाराशी बाक आहे, टेका जरा." रांग वाढली. पेशंट घरी गेला तरी काही जण नुसते रांगेत येऊन उभे राहात, अशीही वदंता आहे.

त्यातच एक म्हातारा होता. बायको भरती झालेली. ती आज काय जेवली हे तो रोज येऊन खिडकीत सांगायचा. जाताना म्हणायचा, "बाई, तुम्हीही उठून निवांत जेवा की कधी." बायकोला डिस्चार्ज मिळाला, तेव्हा तो थेट साहेबांच्या दारात गेला.

"साहेब, खिडकीवरच्या बाईंकडे जरा बघा. त्यांचं तोंड सारखं चालूच असतं!"

बिचाऱ्यांना जेवायची सुट्टी द्या, हे तो पुढे सांगणारच होता. पण साहेबांनी हात जोडले. "कळलं, आजोबा. आजच बंदोबस्त करतो." म्हातारा खुशीत बायकोला घेऊन गेला.

साहेबांनी बाईंना ते वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. बाईंना खरा अर्थ लगेच कळला.

"साहेब, ते खाण्याबद्दल म्हणाले. त्यांना म्हणायचं होतं की..."

"बघा! पुन्हा चालू!"

लवंगीबाई गप्प झाल्या. तोंडात काही नसताना गप्प बसायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी.

"बरं," एवढंच म्हणून त्या उठल्या.

पर्स, पाण्याची बाटली आणि खुर्चीवरची उशी घेऊन त्या तळघराचा जिना उतरू लागल्या. निम्म्यावर खालून एक बाई चढत आली. रस्ता चुकलेली, छातीशी बाळाची दुपटी धरलेली.

"ताई, लहान मुलांचा वॉर्ड कुठे हो?"

लवंगीबाईंनी मागे वळून पाहिलं. खिडकीत एक नवी मुलगी खुर्ची पुसत होती. वर विचारा, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. त्यांनी सामान पायरीवर ठेवलं, उशी झटकून शेजारी मांडली.

"आधी बसा," त्या म्हणाल्या. "काय झालंय बाळाला?"