दिगंबररावांचे दुकान आणि माझा सैल स्क्रू

मी एक जुना ट्रायपॉड आहे. मित्रांनो, चहूबाजूंचा गोल फोटो काढताना कॅमेरा माझ्या डोक्यावर फिरतो. मी अगदी मधोमध असतो आणि शेवटी तळाचा भाग साफ करताना मलाच पुसून टाकतात! असो. मला राग त्याचा नाही.

समोर बोट धरा. एका डोळ्याने पाहा, मग दुसऱ्याने. बोट सरकले ना? फिरताना भिंग जागचे हलले की जवळच्या वस्तू अशाच सरकतात आणि प्रत्येक वळणाचे सुटे फोटो एकमेकांना जोडताना मध्येच तुटतात. म्हणून कारखान्यात माझ्या डोक्यावर भिंग जागच्या जागी फिरवणारी एक दांडी आणि तिला घट्ट धरणारा स्क्रू बसवला. नवा होतो तेव्हा माझा मालक शौनक याच्या फोटोंत सांधा शोधून सापडत नसे. लोक वाहवा करत, अर्थात शौनकची. पुढे स्क्रूचे आटे झिजले, दांडी सरकू लागली. पण फोटो मोकळ्या मैदानांचे असत. दूरचे सगळे खपून जाई.

मग बुधवार पेठेतले दिगंबरराव आले. त्यांचे रेडिओच्या सुट्या भागांचे दुकान दुसऱ्याच दिवशी रिकामे व्हायचे होते. चिंचोळी जागा, तिन्ही भिंतींना लाकडी खण, प्रत्येकावर त्यांच्या दिवंगत पत्नीने, आनंदीबाईंनी, रंगाने लिहिलेली भागांची नावे. घरी बसून मान वळवावी तिकडे आपले दुकान दिसावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

"अहो, याचा स्क्रू सैल आहे. नवा देऊ?" मला दुकानात उभे करताच दिगंबररावांनी खणातून एक काढलासुद्धा.

"नको काका, सॉफ्टवेअर करेल ॲडजस्ट."

"सॉफ्टवेअर स्क्रू पिळतं वाटतं?"

शौनक नुसता हसला. मला ओरडता येत असते तर!

प्रत्येक वळणाला दांडी सरकली. विश्रांतवाडीला घरी शौनकने फोटो जोडायची तीन दिवस खटपट केली. फळ्या जुळेनात. आनंदीबाईंचे एक अक्षर अर्धे, तर दुसरे दोनदा. पुन्हा काढायला धावला, तर दुकानात फक्त भिंती होत्या.

दिगंबररावांनी फोटो बराच वेळ पाहिला. "हे तुकडे आहेत हो. दुकान कुठंय?"

त्यांनी खिशातून तोच स्क्रू काढला आणि स्वतःच्या हाताने माझ्यात पिळून बसवला.

मित्रांनो, आम्हा मुक्या वस्तूंचे सैल स्क्रू 'नंतर बघू' म्हणून सोडू नका. माझी दांडी आता तसूभरही हलत नाही. दिगंबररावांच्या जागेत मोबाइलची कव्हरे लटकतात.