लेसोथोच्या डोंगरात गेलेला आडाळो

मित्रांनो, आधी पाय आवरून बसा. माझ्याजवळ मस्ती चालत नाही. मी आहे आडाळो, जुना आहे आणि अजून धारदार आहे. पुस्तकात मला विळी म्हणतात, पण ते नाव मला मुळीच आवडत नाही. खाली फणसाचा पाट, पाटावर उभं वाकडं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवण्यासाठी गोल दात, असा माझा थाट. रंगाने काळा, स्वभावाने जरा तिखट. सध्या माझा मुक्काम मालवणात, रुझाबाय फर्नांडिस यांच्या चुलीपाशी आहे. पण मला घरकोंबडा समजू नका हां! मी परदेश पाहिला आहे. मी बर्फसुद्धा पाहिला आहे. आमच्या किनाऱ्यावरच्या कुठल्या आडाळ्याने बर्फ पाहिलाय, विचारा बघू!

माझं पातं कणकवलीच्या एका लोहाराने घडवलं. रुझाबायने मला बाजारातून उचलून आणलं आणि त्या दिवसापासून घरातलं खोबरं माझ्याशिवाय कुणी खवलं नाही. तिचा एकुलता एक मुलगा इनास माझ्या शेजारी बसून खवलेलं खोबरं चिमटीने पळवायचा. रुझाबाय ओरडायची, "मेल्या, सगळा खोबरा तूच खाल्लंस तर कढीयेत काय घालू? तुझा डोक्या?" इनास तोंड भरून हसायचा. मला ते पोर फार आवडायचं. एकदाच त्याचं बोट कापलं मी, तेही त्याच्याच आगाऊपणामुळे.

पुढे इनास फादर झाला. चर्चमधल्या मोठ्या फादरांनी त्याला लेसोथोला पाठवायचं ठरवलं. हा देश दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे. तिथे समुद्र नाही, माड नाही, मासळीबाजार नाही. जिकडे पाहावं तिकडे डोंगर. बॅग भरताना रुझाबायने मला जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि खाली ठेवलं.

फादर इनास म्हणाले, "माय, थय नारळ गावणत नाय. ह्या ओझा कित्याक?"

"नाय गावले तर नाय गावले," रुझाबाय म्हणाली. "आडाळो आसलो म्हणजे घर आसता."

विमानतळावर मला बाहेर काढून चार साहेबांनी उलटसुलट पाहिलं. "हे हत्यार आहे का?" असं एकाने विचारलं. हत्यार! मी! रागाने माझं पातं तापलं असेल. फादरांनी हवेत खोबरं खवून दाखवलं, तेव्हा कुठे मला सोडलं.

लेसोथोला आमचं मिशनचं घर एका दरीत होतं आणि चर्च मात्र डोंगराडोंगरावर विखुरलेली. दगडी भिंती, वर गवताचं छप्पर, एवढंच. सगळ्यांना मिळून फादर एकच. ते लहानशा घोड्यावर बसून निघायचे, अंगावर जाड घोंगडी, खोगिराला मिसाच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, सामानाची पिशवी. एका चर्चची पाळी एकदा आली की पुन्हा यायला महिना लागायचा. घोडा चढणीला लागला की वरचे लोक कड्यावर येऊन गाऊ लागायचे. मग मिसा, बारशी, एखादं लग्न, म्हाताऱ्यांच्या अंथरुणाशी बसणं, दोन भावांचं भांडण मिटवणं. मुक्काम असला तर पोत्यात घालून मलाही न्यायचे. मी तिथला भोपळा चिरला, कोबी चिरला. नारळ तेवढा नाही. माझे दात नुसते शोभेला राहिले.

मिशनच्या घरात स्वयंपाक करायची माम्पो. उंचनिंच बाई, मोठा आवाज, मन लोण्याचं. तिने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती माझ्यावर घोड्यासारखी बसली आणि खो खो हसत सुटली. मला अस्सा राग आला! पण थंडीने माझा पाट तडकायला लागला, तेव्हा तिनेच मेंढीची चरबी चोळून मला वाचवलं. मग मी तिला माफ केलं. तिच्या भाषेत ती फादरांना 'न्ताते' म्हणायची, म्हणजे बाबा. न्ताते तिला सांगायचे की आमच्याकडे डोक्याएवढं एक फळ असतं, त्याचा कीस काढून पेजेवर घालतात. माम्पोला वाटायचं, घरच्या आठवणीने बिचारे काहीबाही बोलतात.

असा खूप काळ गेला. दर रविवारी मालवणहून फोन यायचा. स्वयंपाकघराच्या खिडकीतच तेवढी रेंज मिळायची, म्हणून मला सगळं ऐकू यायचं. "जेवलंस काय रे?" हा रुझाबायचा पहिला प्रश्न. "जेवलंय माय, पोटभर," हे फादरांचं ठरलेलं उत्तर.

मागच्या वर्षी जूनमध्ये फादर दूरच्या एका चर्चला गेले होते. आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो, तिथे कडाक्याचा हिवाळा. परत येताना बर्फाने त्यांना वाटेत गाठलं. घोड्याने त्यांना घरी आणलं, पण छातीत न्यूमोनिया घेऊनच. खालच्या गावचा डॉक्टर आला, सुया झाल्या, औषधं झाली, ताप उतरला. मात्र फादरांची भूक जी गेली, ती गेलीच. घास तोंडात घेतला की बाहेर यायचा. हाताची नुसती काडी झाली. डॉक्टर माम्पोला बाजूला घेऊन म्हणाला, "औषधाचं काम झालंय. आता पोटात अन्न गेलं नाही तर हा माणूस हातचा जाईल."

माम्पोने काय काय करून पाहिलं! मक्याची लापशी, कोंबडीचं पाणी, भोपळा शिजवून. मी रात्रंदिवस चिरत होतो आणि ताटं तशीच परत येत होती. मला, लोखंडाच्या जातीला, रडू येत होतं. वरच्या चर्चमधली माणसं घोंगड्या पांघरून दाराशी येऊन प्रार्थना करायची आणि खाली मान घालून जायची.

फादरांनी सगळ्यांना बजावलं होतं, माझ्या आईला कळता कामा नये. रविवारी फोन वाजला की ते भिंत धरून खिडकीशी यायचे. कॅमेरा बंद ठेवायचे, रेंज नाही म्हणायचे आणि सांगायचे, "जेवलंय माय, पोटभर." मग पलंगावर पडून धापा टाकायचे. असला कसला शहाणपणा, मित्रांनो? मला तर त्यांच्या पाठीत पाटाचा एक रट्टा द्यावासा वाटायचा.

एका रविवारी त्यांना उठताच येईना. फोन वाजत राहिला. शेवटी माम्पोने तो उचलला.

"इनास खंय आसा?" रुझाबायने विचारलं.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. माम्पो रडायला लागली आणि तिने फोनचं तोंड दारातून पलंगाकडे फिरवलं. रुझाबायने आपल्या मुलाला पाहिलं. मग ती कडाडली, "शिरा पडली तुझ्या पोटभर जेवणार! आवशीक फसवतंस?"

"माय," फादर पुटपुटले, "माका खावसाच वाटणा नाय."

"पेज खातलंस? खोबरा घालून?"

फादरांनी डोळे मिटले. "खातलंय. पण हय नारळ खंयसून येतलो?"

माम्पोला त्यातलं एवढंच कळलं, की न्तातेने कुठल्यातरी खाण्याचं नाव काढलं. तिने फादरांना खोदून खोदून विचारलं, तेव्हा ते डोक्याएवढं फळ पुन्हा निघालं. मग मिशनच्या दुकानाचा माल आणणाऱ्या ड्रायव्हरला तिने हुकूमच सोडला. तो डर्बनच्या बाजारात गेला आणि डोंगर चढून परतला तेव्हा त्याच्या शेजारच्या सीटवर एक नारळ बसला होता. एकच!

नारळ पाहून माझ्या दातांना पाणी सुटलं. किती वर्षांनी! माम्पोने मला पुसलं, पाय दुमडून बसली, नारळ दोन्ही हातांत धरला आणि माझ्या दातांवर घासायला लागली. आख्खा! न फोडता! अगो बाय, फोड आधी, फोड, असा मी आकांत करत होतो, पण माझं ऐकतो कोण? करवंटीवरच्या शेंड्या निघत होत्या आणि ती कौतुकाने त्या वाटीत गोळा करत होती. मग तिने तो काथ्या गरम पेजेवर भुरभुरला आणि ताटली फादरांपुढे ठेवली. ड्रायव्हर टोपी काढून उभा राहिला.

फादरांनी ताटलीत पाहिलं. माम्पोकडे पाहिलं. त्यांच्या गालांवर मला हसू दिसलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. ते काही सांगायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली.

तेवढ्यात फोन वाजला. त्या रविवारपासून रुझाबाय रोज फोन करायची आणि शेजारची किशोरी तिचा फोन धरून बसायची. माम्पोने अभिमानाने ताटली कॅमेऱ्यासमोर धरली.

"ह्या काय गो?" रुझाबाय किंचाळली. "पेजेत सुंभ घातलंस? माझ्या झिलाक काय दोरी खावक घालतंस? किशोरी, फोन नीट धर गो. आणि तो कोयतो हाड हय."

तिने तिकडे आपला नारळ घेतला आणि कोयत्याच्या पाठीने ठोकून दाखवला. माम्पोने इकडे कुऱ्हाडीच्या पाठीने ठोकला. एक, दोन आणि फाटकन नारळ फुटला. पाणी जमिनीवर सांडलं. माम्पोचा चेहरा पडला. तिला वाटलं, फळ आतून सडलंय. ती दोन्ही भकलं उचलून दाराबाहेर फेकायला निघाली.

"टाकू नको! टाकू नको गो बाय!"

भाषा येत नसली म्हणून काय झालं? आई ओरडली की जगात कुठेही माणूस थांबतो. माम्पो थांबली. रुझाबायने स्वतःच्या भकलातलं उरलेलं पाणी घटाघटा पिऊन दाखवलं. माम्पोने भीत भीत जीभ लावली आणि तिचे डोळे हे एवढे मोठे झाले.

मग दोघी खवायला बसल्या. तिकडे रुझाबाय, माझ्या जागी आणलेल्या नव्या आडाळ्यावर. (त्याचं पातं मला काही खास वाटलं नाही.) इकडे माम्पो, माझ्यावर. हात कसा फिरवायचा, करवंटी कशी वळवायची, एक दाखवत होती, दुसरी करत होती. फोनमधून करकर, इकडे करकर. पांढरंशुभ्र खोबरं माझ्या पाटावर पडत होतं. फादर डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

नवी पेज आली. वर खोबरं, जरासं मीठ. फादरांनी एक चमचा घेतला. घास बाहेर आला नाही. दुसरा चमचा गेला, तिसरा गेला. ताटली रिकामी झाली आणि ते म्हणाले, "वायच आणि वाढ." ते मालवणीतच बोलले, पण माम्पोला कळलं. तिने "न्ताते! न्ताते!" करत ड्रायव्हरला मिठीच मारली. अहाहा, काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

फोनमध्ये रुझाबायने भिंतीवरच्या देवमातेच्या तसबिरीला हात जोडले. मग ती म्हणाली, "सायबिणीन राखल्यान. किशोरी, आता ठेव तो फोन. माका भूक लागली."

फादर बरे झाले. विश्रांतीसाठी या महिन्यात ते घरी आलेत आणि धार लावायला मलाही आणलंय. परत न्यायलाच हवं, नाहीतर माम्पो त्यांना दारात उभं करणार नाही. वरची चर्च त्यांची वाट पाहत आहेत. हल्ली तिथे माल आणणारा ड्रायव्हर न सांगता नारळ घेऊन येतो.

तेव्हा मित्रांनो, मला वापरलंत की पुसून कोरडा करा आणि माझं तोंड भिंतीकडे वळवून ठेवा. एवढं केलंत तरी माझं पोट भरलं. दुसरं सांगणं जरा कडक आहे. दूर गावी, दूर देशी असाल आणि आजारी पडलात, तर आईपासून लपवू नका. फादर घरी आले तेव्हा किशोरीने त्यांना जे सांगितलं, ते मी इथे चुलीपाशी बसून ऐकलं. ज्या रविवारी रुझाबायने मुलाला पलंगावर पाहिलं, त्या दिवसापासून त्याने पेज खाल्लेली पाहीपर्यंत ती नुसत्या काळ्या चहावरच होती. फादरांनी मान खाली घातली. आता जेवायला बसले की ते आधी आईच्या ताटात वाढतात आणि विचारतात, "माय, तू जेवलंस?"